विषय: रोबोरिओ यूएसबीवर सापडतो, रेडिओवर सापडत नाही

सप्रेम नमस्कार मंडळी,

मुलांच्या फर्स्ट रोबोटिक्स (विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा) संघाचा रोबोट सध्या अडून बसला आहे. लॅपटॉप यूएसबी केबलने रोबोरिओला (रोबोटवरच्या मुख्य कंट्रोलरला) जोडला की ड्रायव्हर स्टेशनवर (लॅपटॉपवरून रोबोट चालवण्याच्या प्रोग्रामवर) संपर्काचा दिवा हिरवा होतो; तीच जोडणी रेडिओमार्फत (रोबोटवरच्या वाय-फाय उपकरणामार्फत) करायला गेले की तो लालच राहतो. मुलांनी रोबोरिओवर नव्याने इमेजही (त्याची मूळ प्रणाली) टाकून पाहिली. क्वचित संपर्क जुळला, तरी रोबोटने वेग घेताच तुटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

– संघातील एका विद्यार्थ्याचे पालक

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

आपण दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. त्यांची कारणे बहुधा निराळी असल्याने तपासही स्वतंत्रपणे करावा. यूएसबीवरून रोबोरिओ १७२.२२.११.२ या ठरावीक पत्त्यावर उत्तर देतो, म्हणजे कंट्रोलर धडधाकट आहे आणि इमेज पुन्हा टाकण्याचे कारण नव्हते. (मुलांचा हात आधी तिकडेच जातो, त्याला इलाज नाही.)

रेडिओवरचे पत्ते संघ क्रमांकावरून ठरतात. क्रमांक १२३४ असेल, तर रेडिओ १०.१२.३४.१ वर आणि रोबोरिओ १०.१२.३४.२ वर असायला हवा. कमांड प्रॉम्प्ट उघडून याच क्रमाने दोघांना पिंग करावे, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येते का ते पाहावे. रेडिओच गप्प असेल आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला रेडिओकडून पत्ता मिळालेलाच नाही. रेडिओ बोलतो पण रोबोरिओ बोलत नाही, असे झाल्यास दोहोंमधली इथरनेट केबल बदलून पाहावी. दोघेही उत्तर देत असूनही दिवा लाल असेल, तर संशय लॅपटॉपवर घ्यावा: विंडोज अनोळखी नेटवर्कला सहसा 'पब्लिक' मानते आणि मग फायरवॉल रोबोटकडून येणारी पॅकेट अडवते, आणि यूएसबीची जोडणी वेगळे नेटवर्क ठरत असल्याने तिला ती आडकाठी असेलच असे नाही. लॅपटॉपचे दुसरे वाय-फाय त्या वेळी बंद ठेवावे.

वेग घेताच संपर्क तुटणे हे मात्र मला विजेचे दुखणे वाटते. सगळ्या मोटारी एकदम ओढ घेतात तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर खाली येते, आणि रेडिओची पुरवठा तार जरा जरी सैल असली तरी तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ रोबोट बहिरा. ड्रायव्हर स्टेशनचा लॉग उघडून संपर्क तुटला त्या क्षणीची व्होल्टेजची रेघ पाहावी, आणि बॅटरीची टोके व रेडिओचा प्लग हाताने हलवून पाहावा.

पुन्हा प्रश्न:

दोन्ही पत्ते पिंगला उत्तर देतात, तरी दिवा लाल. लॅपटॉप शाळेचा असल्याने फायरवॉल बंद करण्याची परवानगी आम्हाला नाही. रेडिओचा प्लग मात्र खरोखरच हलत होता. तो पक्का केला आहे.

उत्तर:

सबंध फायरवॉल बंद करण्याची मागणी शाळेकडे करूच नये. केवळ ड्रायव्हर स्टेशन या प्रोग्रामला पब्लिक व प्रायव्हेट अशा दोन्ही प्रकारच्या नेटवर्कवर मुभा द्यावी, एवढीच विनंती तेथील संगणक विभागाला करावी. तोवर ड्रायव्हर स्टेशन असलेला घरचा एखादा लॅपटॉप जोडून पाहावा; त्यावर दिवा हिरवा झाला, तर रेडिओला पुन्हा हात लावू नये.