दसकच्या पुलाखालचे मासे माणसाला बिचकत का नाहीत?

गळवाला_नाशिकरोड:
गंगापूर धरणाच्या कडेला माझी नुसती सावली पडली तरी मासे पसार होतात. इकडे नाशिकरोडला गोदावरीत, दसकला, पाणवेली जरा सरकल्या की चिलापी दिसतात, गळाचा दोरा नाकासमोरून गेला तरी ढिम्म! भाचा फार्मसी करतोय. तो म्हणतो, माणसांच्या झोपेच्या गोळ्या गटारातून नदीत जातात, त्यानं मासे असे बिनधास्त होतात. खरं की फेकतोय?

प्राणिशास्त्रवाले_काका:
फेकत नाहीये. २०१३ मध्ये स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातल्या संशोधकांनी पर्च माशांना ऑक्झाझेपाम, म्हणजे चिंतेवरचं औषध, पाण्यातून दिलं. एरवी घोळक्यात दबकून राहणारे हे मासे घोळका सोडून पुढे यायला लागले, खाण्यावरही तुटून पडले. ही औषधं मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागांवर, काम करतात, आणि ते ग्राही माशांनाही असतात. २०२५ मध्ये तिथल्याच दाल नदीतल्या सामन माशाच्या पिल्लांवरचा प्रयोग छापून आला. क्लोबाझाम, म्हणजे तसलंच औषध, दिलेली पिल्लं जास्त संख्येनं समुद्रापर्यंत पोचली, वाटेतली दोन जलविद्युत धरणंही त्यांनी लवकर पार केली. वाचून लोक खूश झाले, मला नाही पटलं. न घाबरणारा मासा आज धरण ओलांडेल, उद्या मोठ्या माशाच्या तोंडात जाईल.

पण तुमच्या चिलापीला हे लगेच चिकटवू नका हं. दसकच्या वरच्या अंगाला तपोवन, आगरटाकळीची मलनिस्सारण केंद्रं आहेत, शिवाय नासर्डी नदीचं पाणी. सांडपाण्यानं पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला की मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो, पळायची ताकदच नसते. रात्रभर वनस्पती ऑक्सिजन नुसता वापरतात, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट. तुम्ही किती वाजता बसता?

गळवाला_नाशिकरोड:
उजाडायच्या आत! आणि हो, तोंडं वरच असतात त्यांची.

प्राणिशास्त्रवाले_काका:
मग दुपारी उन्हात एकदा जाऊन बघा. तेव्हा पळाले तर गोळ्यांना दोष देऊ नका. तरीही ढिम्म राहिले, तर पाणी तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

सिडकोची_मेडिकलवाली:
काका, गोळी कमोडमध्ये टाकली तरच नदीत जाते असं लोकांना वाटतं. घेतलेल्या औषधाचा काही भाग लघवीतूनच बाहेर पडतो, आणि ही केंद्रं मैला काढायला बांधलीत, औषधं काढायला नाही. तरी उरलेल्या पट्ट्या फ्लश करू नका बाई! माझ्याकडे एक आजी पिशवीभर घेऊन आल्या होत्या, त्यात सिरपची अर्धी बाटली. म्हणे, मोरीत ओतायचं जिवावर आलं.

गळवाला_नाशिकरोड:
बरं, मूळ प्रश्न राहिलाच. खायचे की नाही?

प्राणिशास्त्रवाले_काका:
दसकचे? मी तरी नाही खाणार. आणि त्याला कारण गोळ्या नाहीत, गटार आहे.