शब्दचर्चा : ‘मारणे’, ‘गंडणे’, ‘बुडणे’ आणि काउंटरवरची मराठी

माझी भाची आठवीत आहे. तिच्या निबंधात ‘मी दाखल्याची झेरॉक्स मारली’ असं वाक्य होतं. बाईंनी ‘मारली’खाली लाल रेघ ओढून वर ‘काढली’ लिहिलं. संध्याकाळी ती वही घेऊन दुकानात आली. “मामा, तुझ्याकडं तर सगळे मारलीच म्हणतात. मग माझं चुकलं काय?”

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. सांगलीत विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. रोज कानावर पडणारा शब्द, पण त्याकडं कधी थांबून बघितलंच नव्हतं. तेव्हापासून गिऱ्हाईक काय बोलतं ते एका वहीत लिहून ठेवायला लागलो. आता इतकं साठलंय की इथं मांडावं म्हणतो.

पहिली गोष्ट लगेच दिसते. या धंद्यातली नामं जवळपास सगळी बाहेरची आहेत: विंडोज, पासवर्ड, फाइल, प्रिंट, रिचार्ज, वायफाय. ‘झेरॉक्स’ तर एका कंपनीचं नाव. चेस्टर कार्लसननं १९३८ साली न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कोरड्या पद्धतीची पहिली नक्कल उमटवली, आणि ‘कोरडं’ व ‘लिहिणं’ या दोन ग्रीक शब्दांवरून पुढं त्या पद्धतीला नाव मिळालं. आपल्याकडं आल्यावर ती स्त्रीलिंगी झाली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बसली. नामं अशी घ्यावीच लागली. क्रियापदं मात्र आपण एकही उसनं घेतलं नाही, आणि माझा अनुभव असा की यंत्राला नेमकं काय झालंय ते माणसं क्रियापदातूनच सांगतात.

साधं बघा. ‘पासवर्ड लावला’ आणि ‘पासवर्ड टाकला’. कुलूप लावतात तसा पासवर्ड लावायचा असतो, म्हणजे नवा ठेवायचा. टाकायचा म्हणजे विचारल्यावर आत द्यायचा. एक आजी आल्या, “नातवानं पासवर्ड लावलाय, मी टाकतेय तर घेईना.” एवढ्या वाक्यात मला सगळं कळलं: पासवर्ड कुणी ठेवला, त्यांना तो माहीत आहे असं त्यांना वाटतंय, आणि बहुधा कॅप्स लॉक चालू आहे. तसंच निघालं. आता बऱ्याच पडद्यांवर मराठीत येतं ‘पासवर्ड प्रविष्ट करा’. त्याच आजींनी मला विचारलं होतं, “हे प्रविष्ट म्हणजे कुठं दाबायचं?” संगणक हा शब्द घडवलेला आहे आणि तो रुजला, शाळेच्या पुस्तकापासून सरकारी कागदापर्यंत, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण ‘टाका’ हे घरातलं क्रियापद हजर असताना ‘प्रविष्ट करा’ आणायची गरज मला आजतागायत पटलेली नाही.

आता ‘काढणे’ आणि ‘मारणे’. सातबारा काढतात, तिकीट काढतात, फोटो काढतात, प्रिंट काढतात. आत असलेली वस्तू बाहेर येऊन हातात पडली की ते काढणं. माझी समजूत अशी झाली आहे की ‘मारणे’ हे करणाऱ्याच्या हाताकडून बघून म्हटलेलं असतं: झटक्यात, सवयीच्या हातानं, एका दमात केलेलं काम. शिक्का मारतात, खिळा मारतात, गाठ मारतात, भिंतीला रंग मारतात, नव्या स्लॅबला पाणी मारतात, सायकलीत हवा मारतात. तासगावकडं द्राक्षबागेत औषध मारतात. त्याच रांगेत झेरॉक्स मारणं, स्कॅन मारणं, रिचार्ज मारणं, एंटर मारणं येऊन बसलं. दाखला हवाय ती मुलगी झेरॉक्स काढते. मशीनपाशी उभा राहून चाळीस पानं भराभर ओढणारा पोरगा झेरॉक्स मारतो. भाचीनं मशीन स्वतः चालवलं असेल तर तिचं वाक्य मला बरोबर वाटतं, आणि खरंच, त्या दिवशी माझ्याच दुकानात तिनंच चालवलं होतं.

हे हिंदीतून आलं असं कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. आपण हाक मारतो, तिथं हिंदीत आवाज देतात. आपण गाठ मारतो, तिथं ती बहुतेक लावतात किंवा बांधतात. ‘मारणे’ला असं कुठंही जोडून घ्यायची सवय आपली जुनी आहे.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं जोडकाम ‘विंडोज मारणे’. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) संपला, म्हणजे कंपनीकडून त्याची नेहमीची दुरुस्ती येणं थांबलं, तेव्हापासून ‘दादा, नवीन विंडोज मारून द्या’ हे वाक्य दिवसातून चारदा येतं. इथं मी नेहमी थांबवून विचारतो, “वरून मारू का खरवडून मारू?” रंगकाम केलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. वरून म्हणजे जुन्या विंडोजवर नवं चढवायचं; तुमच्या फाइली जागेवर राहतात, जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जातं आणि साधारण १० दिवस परतायची वाट उघडी असते. खरवडून म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, सी ड्राइव्ह, साफ करून कोऱ्या भिंतीवर मारायचं. त्यात डेस्कटॉपवरचे फोटो, डाउनलोडमधली बिलं, टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर असेल तर तोही, सगळं जातं. दुकानात यायच्या आधी एवढं एक घरून ठरवून या, आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं आधी पेनड्राइव्हवर घ्या. ‘मारणे’ या शब्दात झटपटपणा आहे, त्यामुळं माणसाला वाटतं की आत काही जाणार नाही.

आणि मग ‘फाइल उडाली’.

या शब्दावर मी फार विचार केलाय. उडाली म्हणजे कापूर उडतो तशी, मागं काही न उरता गेली. ऐकणाऱ्याचा धीरच जातो. पण डिस्कच्या आत तसं होत नाही. आमच्याकडं हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून माती. कुठल्या पेवात कुणाची हळद ते व्यापाऱ्याच्या वहीत. आता समजा वहीतली ती ओळ खोडली. पेवातली हळद हलली का? नाही. फक्त ते पेव मोकळं आहे असं वही सांगायला लागली. रीसायकल बिनमधूनही फाइल काढून टाकली की जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर एवढंच होतं: वहीतली ओळ जाते, माल आतच असतो. तो खरा जातो कधी, तर त्याच पेवात दुसऱ्याचा माल भरला की. म्हणून फाइल गेली असं कळल्याक्षणी हात थांबवा. त्या मशीनवर गाणी उतरवू नका, आणि फाइल परत आणणारं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर टाकू नका. तेच नेमकं तुमच्या मालावर जाऊन बसेल. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि तिथून शोधायचं.

एसएसडीला, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कला, मात्र हे लागू पडत नाही. तिथं ट्रिम नावाची सोय असते. ओळ खोडली की ‘हे पेव मोकळं’ असा निरोप डिस्कला जातो आणि ती सवडीनं स्वतःच आतलं झाडून टाकते. एसएसडीवरची फाइल खरोखर उडते. सांगताना मला वाईट वाटतं, पण खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं.

मग फिरत्या डिस्कसाठी शब्द कोणता? तो मला महापुरानं दिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर पेठेतली माणसं चिखलानं भरलेले सीपीयू पोत्यात घालून आणत होती. म्हणत होती, “दादा, हिशेब बुडाले.” बुडणं हा व्यापाऱ्याचा शब्द. पैसा बुडतो, उधारी बुडते. पण बुडालेली वस्तू तळाशी असते, हे आपल्याला नदीकाठी राहून माहीत आहे, आणि ज्यांनी घाईनं वीज लावली नव्हती त्यांच्यापैकी काहींचे हिशेब खरंच वर आले. तेव्हापासून मी ‘फाइल बुडाली’ म्हणतो. पाण्यात गेलेल्या मशीनला वाळल्यासारखं दिसलं तरी करंट देऊ नये, डिस्क उघडू नये. त्या दिवसांत हे मी एकेका माणसाचा हात धरून सांगत होतो.

‘गंडणे’ हा माझ्या सगळ्यात आवडीचा शब्द. बिघडलं म्हणजे एखादा भाग नासला. हँग झालं म्हणजे पडदा थिजला, माऊससुद्धा हलेना. गंडलं म्हणजे सगळं चालतंय पण चुकीचं चालतंय. मराठीत टाइप केलेल्या पत्राच्या जागी भलतीच चिन्हं दिसायला लागली की फाँट गंडला: जुन्या फाँटातली फाइल आहे आणि तो फाँट या मशीनवर नाही. मजकूर शाबूत असतो, फक्त तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो. पत्र नव्यानं टाइप करत बसू नका, तो फाँट मिळवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

गंडण्याचा आणखी चपखल नमुना म्हणजे घड्याळ. जुना पीसी, सकाळी चालू केला की तारीख काही वर्षं मागं, आणि बँकेची साइट उघडायला गेलं की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. गिऱ्हाईक म्हणतं नेट गंडलंय, व्हायरस शिरलाय, औषध मारा. प्रत्यक्षात मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक ३ व्होल्टची बटण बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची, ती उतरलेली असते. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. साइट खरी आहे हे सांगणारं एक प्रमाणपत्र असतं, त्याला मुदत असते. मशीनला आजची तारीखच चुकीची वाटत असेल तर खरं प्रमाणपत्रही त्याला मुदतीबाहेरचं वाटतं. गंडवणे म्हणजे फसवणे. इथं मशीन स्वतः फसलेलं असतं. मुळातला अर्थ इतका तंतोतंत लागू पडलेला पाहिला की मला या भाषेचं फार प्रेम येतं.

‘बसणे’बद्दल थोडक्यात. घर बसतं, आवाज बसतो, बॅटरी बसते. गिऱ्हाईक ‘हार्डडिस्क बसली’ म्हणालं आणि आतून टक् टक् आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आवाज बसलेला परत येतो, डिस्क येत नाही.

आता आमच्या भागाचं खास. ‘उघडत नाही’ आणि ‘उघडंना’ यांत फरक आहे, आणि फोनवर ऐकताना मी त्याचाच आधार घेतो. ‘प्रिंट येत नाही’ म्हणणारा माणूस वस्तुस्थिती सांगतो. कदाचित प्रिंटरची वायरच लावलेली नसेल. ‘प्रिंट येईना’ म्हणणाऱ्यानं दहा वेळा बटण दाबलेलं असतं आणि त्या दहाही प्रिंटा रांगेत अडकून पडलेल्या असतात. आधी रांग रिकामी करायची, मगच प्रिंटरकडं बघायचं. ‘नुसतं फिरायलंय’ म्हणजे पडद्यावरचं गोल चाक थांबत नाही. ‘मशीन पेटंना’ म्हणजे लाइटच लागत नाही. अशा वेळी मी पहिल्यांदा घरातला बोर्ड आणि वायर बघायला सांगतो, चुलीचा शब्द आहे, तिथूनच सुरुवात बरी.

शेवटचा शब्द सगळ्यांना माहीत असलेला: ‘बंद करून चालू कर’. हा सल्ला आणि ‘रीस्टार्ट मार’ हा सल्ला एकच समजले जातात, मीही कित्येक वर्षं तसंच सांगायचो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढं सुरू होतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून नव्यानं उभं राहतं. एक निवृत्त शिक्षक रोज रात्री न चुकता मशीन बंद करायचे, तरी ते रडतखडत चालायचं. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘अप टाइम’, म्हणजे मशीन नव्यानं उठल्याला किती वेळ झाला ते, बघितला तर १९ दिवस. सर थक्क झाले. रीस्टार्ट मारलं, मशीन सुतासारखं सरळ. तेव्हा आपल्या बोलण्यात या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं हवीत असं मला मनापासून वाटतं. मी ‘निजवणे’ आणि ‘नव्यानं उठवणे’ वापरून बघतोय. सर आता म्हणतात, “काल नुसतं निजवलं होतं, आज नव्यानं उठवलं.”

साताऱ्याकडं, माणदेशात, जत-आटपाडीच्या बाजूला ‘पेटंना’ आणि ‘फिरायलंय’च्या जागी काय म्हणतात? आणि ‘मेल आला’ का ‘मेल आली’? माझ्या वहीत दोन्ही आहेत, ‘आली’ थोडी जास्त, बहुधा चिठ्ठीच्या जोडीनं. तुमच्याकडचं लिहा, गावाच्या नावासकट.