चौदा महिन्यांच्या मुलीची कार सीट आता समोर वळवावी का?

पाथर्डी फाट्यावरील पालक
आमची मुलगी १४ महिन्यांची असून तिचे वजन साडेनऊ किलो आणि उंची ७६ सेंटिमीटर आहे. तिचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी तिची सीट बसवलेली आहे. परंतु अलीकडे तिचे पाय बाकाच्या पाठीला टेकतात, आणि प्रवासात ती रडते. निदान गावातल्या गावात तिला मांडीवर घ्यावे, असे माझ्या आईचे म्हणणे आहे. मुलगा ६ वर्षांचा, वजन २० किलो, उंची ११५ सेंटिमीटर. त्याच्या पट्ट्यांच्या सीटची मर्यादा मात्र १८ किलोच आहे. पुढील महिन्यात सप्तशृंगी गडावर जायचे आहे. मुलीची सीट समोर वळवावी का, आणि मुलाला नुसता गाडीचा पट्टा पुरेल का?

गंगापूर रोडची आई
कृपया अजून वळवू नका. या वयात मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार जड असते आणि मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली, तर समोर तोंड असलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण डोके पुढे फेकले जाते आणि तो सारा ताण मानेवर येतो. उलट तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात. युरोपातील नव्या नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचेच आहे, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसेच बसवा, असे सांगते. पाय टेकणे म्हणजे सीट लहान झाली असे नव्हे. मुले पाय दुमडून सुखाने बसतात. डोके सीटच्या वरच्या कडेला येऊ लागले, की मगच मोठी सीट पाहावी, आणि तीही मागे तोंड करून जास्त वजनापर्यंत चालणारी असावी.

सिन्नरहून
मुलाबद्दल लिहितो. त्याला पाठ असलेला बूस्टर घ्या, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा नीट बसेल असे करणारे आसन. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. ११५ सेंटिमीटरच्या मुलाच्या तो गळ्यावर येतो आणि खालचा भाग पोटावर सरकतो, त्यामुळे धडकेत आतड्यांना इजा होऊ शकते. बूस्टरमुळे खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर राहतो आणि वरचा खांद्याच्या मध्यावरून जातो. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत त्याची गरज असते. मागच्या बाकावर मधल्या जागी केवळ कमरेचा पट्टा असेल, तर तेथे बूस्टर ठेवू नये.

इंदिरानगरची आजी
मांडीचा आग्रह मीही धरीत असे, म्हणून आपल्या आईंसाठी लिहिते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा ओढा सुमारे २०० किलोंइतका होतो. तेवढे वजन कोणाच्याही हातांना धरवणार नाही, माझ्या तर नाहीच. द्वारका चौकात जाताना काय आणि वणीच्या घाटात काय, हे गणित तेच राहते. कायद्याने तर १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा योग्य सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीत ते कलम आले.

गंगापूर रोडची आई
एक राहिले. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघायला हवेत, आणि गळ्याजवळच्या हाडावर चिमटीत पट्टा धरता येऊ नये. थंडीत जाड स्वेटर आतून घालू नका. आधी पट्टे आवळा, मग वरून पांघरूण घाला. एअरबॅग चालू असेल, तर ही सीट पुढच्या आसनावर कधीही ठेवू नये.

पाथर्डी फाट्यावरील पालक
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आज तपासले, तर मुलीचे पट्टे अजून सहा महिन्यांच्या मापाच्या खाचेत होते, खांद्यांपेक्षा बरेच खाली. रडण्याचे कारण बहुधा तेच असावे. ते वरच्या खाचेत बसवले. आईला आजींचा प्रतिसाद वाचून दाखवला; गडावर जाताना नातीच्या शेजारी बसून खुळखुळा मीच धरीन, असे ती म्हणाली. मुलाचा बूस्टर या रविवारी त्याला सोबत नेऊन, आमच्याच गाडीत बसवून पाहून घेणार आहे.