रहिवाशांना विचारलं म्हणून कामं रखडतात?

पायवाट
शेजारच्या धाग्यावर एकाने लिहिलंय: 'रहिवाशांना विचारत बसलं की रस्त्याचं काम वर्षभर लांबतं. लोकांना फक्त पार्किंग हवं असतं. तज्ज्ञांना त्यांचं काम करू द्या.' हे वाचून गप्प बसवेना. काम लांबतं ते उशिरा विचारल्यामुळे. निविदा निघाली, कार्यादेश दिला, आणि मग सभा बोलावून पडद्यावर रंगीत चित्र दाखवायचं. वरातीमागून घोडं. त्या टप्प्यावर एक खांब दोन फूट सरकवायचा म्हटला तरी अंदाजपत्रक सुधारा, पुन्हा मंजुरी घ्या. मग अधिकारी म्हणतात, लोक अडवतात.

अमेरिकेतल्या नियोजन-अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिक सहभागाच्या ८ पायऱ्या मांडल्या. माहिती देणं तिसरी, मत विचारणं चौथी. निर्णयात खरा वाटा सहावीपासून पुढे. आपल्या बहुतेक सभा तिसरीवरच संपतात.

करायचं कसं? आराखडा पेन्सिलीत असतानाच पंधरा-वीस जणांनी गल्लीतून चालायचं. एकदा शाळा सुटताना, एकदा अंधार पडल्यावर. हातात १:२०० चा नकाशा, त्यावर झाडं, चेंबरची झाकणं, खांब, दुकानांच्या पायऱ्या. हल्ली १:२००० चा नकाशा भिंतीवर लावतात. त्यात सहा मीटरची गल्ली तीन मिलिमीटरची रेघ होते. त्यावर कोण काय सूचना देणार?

लेव्हलमशीन
नकाशा मोठा छापला म्हणून वाचता येतो असं नाही. आणि सभेला येतं कोण? घरमालक, निवृत्त मंडळी, आधीपासून ओळखीचे चार चेहरे. त्यांचं म्हणणं म्हणजे वस्तीचं म्हणणं नव्हे. दुसरं, जमिनीखालचं कोण बघणार? मलवाहिनी उतारावर चालते. १५० मिमी नळाला शंभर मीटरमागे साधारण एक मीटर उतार द्यावा लागतो. कमी दिला की गाळ बसतो आणि पहिल्याच पावसात चेंबर उसळतं. बहुमताने उतार बदलत नाही.

पायवाट
मलवाहिनीवर मतदान घ्या असं मी कुठे म्हटलं? पहिल्याच सभेत दोन याद्या वाचून दाखवायच्या. काय ठरलेलं आहे: नळांची पातळी, अग्निशमन गाडीची वाट, एकूण निधी. काय खुलं आहे: फुटपाथची रुंदी, ओलांडण्याच्या जागा, बाकं, झाडं, दिवे. ही यादी न देता 'मोकळेपणाने बोला' म्हणणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं.

तिठ्यावरचा
पार्किंग कुठल्या यादीत, ते आधी सांगा. फुटपाथ रुंद केले की गाड्या जातात कुठे? शेजारच्या गल्लीत. मग तिथले लोक भांडायला येतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

लेव्हलमशीन
बघा, आलं पार्किंग! एक गाडी म्हणजे अडीच बाय पाच मीटर, साडेबारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन. ती फुकट का द्यायची?

तिठ्यावरचा
फुकटचा हिशोब नंतर. मोजणी केलीत का कधी? पहाटे पाचला मुक्कामाच्या गाड्या मोजा. मग सकाळी आठ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाने नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहा. तोच नंबर चार तास दिसला तर गाडी तिथे कामाला येणाऱ्याची. अर्ध्या तासात बदलला तर गिऱ्हाइकाची. दोघांवर उपाय वेगळा. हे न करता 'गाड्या फार' आणि 'गाड्या कमी' म्हणणारे दोघेही हवेत बोलतात.

पायवाट
मोजणीचं बरोबर आहे. पण नुसते आकडे पुरत नाहीत, करून बघावं लागतं. आधी रंगाचे पट्टे आणि पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे, किमान सहा आठवडे. पहिल्या आठवड्याची मोजणी धरू नका, चालकांना सवय व्हायला वेळ लागतो. बहुतेक प्रयोग त्याच आठवड्यातल्या ओरड्याने गुंडाळले जातात.

लेव्हलमशीन
आणि कोपऱ्याचं काय? तिथल्या वळणाची त्रिज्या नऊ मीटर ठेवली तर गाडी वेग न कमी करता वळते, चार ठेवली तर हळू होते. पण अग्निशमनची गाडी अडकली तर जबाबदार कोण? सभेतले वीस जण सही करणार का?

तिठ्यावरचा
गाडी आणून वळवून बघा. दोन्हीकडे वाहनं उभी असताना. कोपऱ्यापासून दहा मीटर पार्किंग काढलं तर लहान त्रिज्येवरही वळायला जागा मिळते. अर्थात माझ्या पार्किंगच्या जागा तिथेही कमी होणारच.

भाडेपावती
तुमचं तिघांचं गाड्यांवर चाललंय. सभेची सूचना लागते सोसायटीच्या फलकावर आणि मालकांच्या ग्रुपवर. भाडेकरू, रात्रपाळीवाले, फेरीवाले यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. मतदार यादीतून नव्हे, दारोदार फिरून घरांची यादी करा, त्यातून चिठ्ठ्या काढून चाळीस जण बोलवा. मुलं सांभाळायची सोय करा, बुडालेला रोज द्या. आणि माईक बंद ठेवा. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात टोनी गिब्सन यांनी वस्तीचं पुठ्ठ्याचं प्रारूप टेबलावर ठेवून त्यावर सूचनांच्या चिठ्ठ्या ठेवायची पद्धत काढली. भाषण येत नसलेला माणूसही चिठ्ठी ठेवतो, आणि ती कुणाची हे कळत नाही.

लेव्हलमशीन
चिठ्ठ्यांचं मान्य, नाइलाजाने. पण हे टिकत नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून लोक अंदाजपत्रकाचा काही भाग ठरवत होते, २०१७ मध्ये तेही थांबवलं गेलं.

पायवाट
अठ्ठावीस वर्षं चाललं ते बाजूला ठेवू नका. चाललं कारण मोठा आवाज जिंकत नव्हता. शहराचे १६ विभाग, आणि निधी वाटताना लोकसंख्या, सोयींची उणीव आणि लोकांचा अग्रक्रम यांना गुण. आपल्याकडे दिलेल्या सूचनेचं काय झालं हेच कळत नाही. चार रकाने पुरेत: सूचना, स्वीकारली की नाही, कारण, नकाशात कुठे. 'तांत्रिक कारणास्तव शक्य नाही' हे कारण धरायचं नाही. कुठला नळ, किती खोलीवर, ते लिहायचं.

लेव्हलमशीन
नळाची खोली लिहायला आधी चाचणी खड्डे घ्यावे लागतील, जुन्या नोंदींवर भरवसा नसतो. त्याचा खर्च सर्वेक्षणात धरला तर कोपरे खुल्या यादीत घालायला माझी हरकत नाही. अग्निशमन दलाचं पत्र मात्र आधी.

तिठ्यावरचा
आणि मोजणी मंगळवारी किंवा बुधवारी. सुट्टीच्या आठवड्यात केलीत तर मी पुन्हा इथेच येईन.