गाय दुसरीचं वासरू जवळ घेत नाही, मदत हवी आहे

परवा पहाटे गाय व्यायली, वासरू मेलेलंच निघालं. त्याच दिवशी दुसरी गाय चार दिवसांची कालवड मागे ठेवून गेली. तिला आईचा चीक मिळाला होता, ती चिंता नाही. पण ही गाय तिला हुंगते आणि लाथ झाडते. पाठीवर मीठ चोळलं, तेवढ्यापुरतं चाटलं. पाय बांधले की पिऊ देते, पण पान्हा चोरते, म्हणजे दूध आखडून धरते. गाईला आपल्या वासराचा वास यावा म्हणून मेलेल्या वासराचं कातडं दुसऱ्या वासरावर पांघरतात हे ठाऊक आहे, पण आम्ही मेलेलं वासरू लगेच पुरलं, वारही (विताना पडणारी झिल्ली) गेली. आता वासासाठी काय करावं? तिचंच दूध कालवडीच्या अंगाला चोळून कुणी पाहिलंय का? किती दिवस धीर धरावा? बाटलीवर कालवड जगेलही, पण गाय रात्रभर हंबरते, ते ऐकवत नाही.