तापानंतर शुगर निघाली, म्हणजे तापानेच केली का?

ताई, ‘तापानंतर आठ दिवसांतच लेकाची शुगर निघाली, त्या तापानेच झालं का?’ असं तुम्ही विचारलंय. इथे नाशिकला, सिडकोत, माझ्या भाचीचं असंच झालं. पावसाळ्यातला साधा ताप, मग सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं. पावसात भिजू दिलं म्हणून बहीण अजून स्वतःला दोष देते. तसं नसतं हो. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते, आणि ते बहुतेकदा कित्येक महिने, वर्षं आधीपासून चालू असतं. तापात इन्सुलिनची गरज वाढते नि लपलेलं उघडं पडतं.

विषाणूंवरचा संशय मात्र पोकळ नाही. मुख्य संशयित कॉक्सॅकी बी, म्हणजे एन्टेरोव्हायरस बी गटातले विषाणू. १९७९ साली कीटोॲसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून) दगावलेल्या १० वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी४ सापडल्याचं अमेरिकेतून प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये टेडी या, लहान मुलांत टाइप १ ची कारणं शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की एन्टेरोव्हायरस बी ज्यांच्या पोटात रेंगाळला, त्या मुलांत बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीज (त्या हल्ल्याची रक्तातली खूण) जास्त आढळल्या. सुट्या, थोडक्यात आटोपलेल्या संसर्गांचं तसं नव्हतं. ही मुलं मुळात जनुकीय धोका असलेलीच निवडलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हे विषाणू घरोघरी येऊन जातात, मधुमेह मोजक्याच मुलांना होतो.

तुमच्या धाकट्या मुलीला तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं दिसलं, तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या.