गरिबीचा कसला आलाय अभ्यास?

रावपुरेकर: काल इथे एकाने टाकलं, पोरीला सोशॉलॉजी घेऊ देणार नाही, गरिबी म्हणजे आळस, त्यात शिकायचं काय, आमचे आजोबा नेसत्या कपड्यांनिशी बडोद्यात आले अन् घर बांधलं. अहो पण आजोबा शिकले कुठे? सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलेलं, पोर शाळेत नाही धाडलं तर बापाला दंड! वर दरबारात सगळी आपलीच मंडळी, चिठ्ठी दिली की नोकरी. हे कुणाच्या खात्यात मांडायचं? सी. राइट मिल्स नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सांगून गेलाय, लाखाच्या गावात एकटा बेकार असेल तर त्याला बघा, पाच कोटींतले दीड कोटी बेकार असतील तर माणसं बघून काय उपयोग.

मांजलपूरवाला: टाकणारा मीच. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती, आजोबांवर घसरायचं काम नाही.

सुरमईप्रेमी: भेदभाव आम्हाला विचारा! सीकेपी आहोत, मासे खातो म्हटल्यावर चार सोसायट्यांनी फ्लॅट नाकारला. ‘व्हेज फॅमिली ओन्ली’. मराठ्यांच्या राजधानीत ही आपली अवस्था, यावर कोणी बोलत नाही.

सुगरणताई: मासे लपवून करता येतात हो. मी केलेत, खिडक्या लावून, धूप जाळून.

कमाटीबाग: आडनाव कुठे लपवायचं ताई? १९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून याच दरबाराच्या नोकरीत आले, राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. शिक्षण कमी होतं का? आळशी होते का?

मांजलपूरवाला: शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळतं?

कमाटीबाग: गेल्या दिवाळीतलं सांगतो मग. टोकन घेतलेलं, आधार कार्ड बघितलं आणि घरमालकाचा ‘भाचा येणार आहे’. मी शाकाहारी आहे, कांदासुद्धा खात नाही. सुरमईवाल्यांना पाचवीकडे तरी मिळाला ना फ्लॅट?

सुरमईप्रेमी: मिळाला. म्हणजे आम्ही त्रास मोजायचाच नाही का?

रावपुरेकर: मोजा की! कुणाला चार नकार, कुणाला चाळीस, आणि कोणत्या आडनावाला किती, हे मोजतात त्यालाच सोशॉलॉजी म्हणतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी सोशॉलॉजीचा विभाग पन्नासच्या दशकात आपल्याच बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत उभा केला, मांजलपूरहून रिक्षाने जाता येतं.

मांजलपूरवाला: बरं बाबा, घरमालक नालायक, तुम्ही सगळे विद्वान. तीन वर्षं हे मोजून पगार किती मिळतो तेवढं सांगा.

सुगरणताई: बीकॉम करून माझ्या मुलाला जेवढा मिळतोय, त्याहून कमी नसेल.